दारातला ट्रेलर संकटात कधी कामी येतो, कधी नाही

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे चाकांवरचं घर, पण स्वतःचं इंजिन नसलेलं. पिकअप किंवा एसयूव्हीच्या मागे हिचच्या (गाडीला मागे बसवलेल्या जोडणीच्या) बॉलवर जोडून ते ओढायचं. आत पलंग, गॅसची शेगडी, फ्रिज, हीटर, संडास-बाथरूम. खाली स्वच्छ पाण्याची एक आणि सांडपाण्याच्या दोन टाक्या. पुढच्या टोकाला प्रोपेनचे दोन सिलिंडर आणि एक बॅटरी. कॅलिफोर्नियात वणव्यांचा किंवा टेक्सास-फ्लोरिडात चक्रीवादळांचा हंगाम जवळ आला की अनेकांच्या मनात येतं : एखादा घेऊनच ठेवावा का? एरवी सुट्टीत फिरता येईल आणि घर सोडायची वेळ आली तर आसराही होईल.

आमचं उत्तर होकारार्थी आहे, पण त्याला एक मोठी अट आहे. ट्रेलर हे लवकर निघणाऱ्याचं साधन आहे. आधी निघालात तर आठवडाभर हॉटेल शोधावं लागत नाही, स्वतःच्या अंथरुणात झोपता येतं, आजारी माणसाची आणि लहान मुलांची आबाळ होत नाही. निघायला उशीर झाला, तर तो जोडतही बसू नका. जागेवर सोडा आणि गाडीने बाहेर पडा.

८ नोव्हेंबर २०१८ रोजी सकाळी साडेसहाच्या सुमारास उत्तर कॅलिफोर्नियात लागलेली ‘कॅम्प फायर’ दीडेक तासात पॅरडाइज गावात शिरली. त्यात ८५ माणसं गेली. गावाबाहेर पडायचे रस्ते मोजके होते आणि ते तुंबले. जानेवारी २०२५ मध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागात लोकांनी रस्त्यातच सोडलेल्या गाड्या बुलडोझरने बाजूला सारून अग्निशमनाच्या गाड्यांना वाट करून द्यावी लागली. अशा रस्त्यावर पंचवीस फुटी ट्रेलर आडवा झाला तर मागच्या सगळ्यांची वाट बंद होते.

मग ‘लवकर’ म्हणजे नेमकं कधी? कॅलिफोर्नियात ‘इव्हॅक्युएशन वॉर्निंग’ आणि ‘इव्हॅक्युएशन ऑर्डर’ असे दोन टप्पे असतात. ऑर्डर म्हणजे या क्षणी निघा. वॉर्निंगच्या टप्प्यावर, ज्यांना जास्त वेळ लागतो त्यांनी निघावं अशी अपेक्षा असते, आणि ट्रेलरवाले त्याच गटात येतात. जोराच्या कोरड्या वाऱ्याचा ‘रेड फ्लॅग’ इशारा आला की ट्रेलर जोडून, तोंड रस्त्याकडे करून उभा ठेवावा. चक्रीवादळाच्या बाबतीत ‘हरिकेन वॉच’ जोराचे वारे पोहोचण्याच्या साधारण ४८ तास आधी जाहीर होतो आणि ‘हरिकेन वॉर्निंग’ ३६ तास आधी. वॉच आला की निघा. हे बारा तास फार मोलाचे असतात, कारण वारा वाढला की उंच गाड्यांसाठी पूल बंद होऊ लागतात, आणि ट्रेलरची सपाट बाजू वाऱ्याला शिडासारखी सापडते.

यातूनच दुसरी गोष्ट ओघाने येते. प्रत्यक्ष वादळात किंवा टॉर्नेडोत ट्रेलर हा निवारा नाही. कितीही बांधून ठेवला तरी नाही. तो धोक्याच्या जागेपासून दूर नेण्यासाठी आहे.

ओढण्याची क्षमता नाही, पेलोड बघा

ट्रेलर विकत घेताना सगळ्यात जास्त फसगत इथे होते. विक्रेता सांगतो, ‘तुमचा पिकअप अकरा हजार पौंड ओढतो, हा ट्रेलर तर साडेसातच हजारांचा.’ दोन्ही आकडे खरे असतात आणि तरी हिशोब चुकतो.

ट्रेलरचं काही वजन हिचमार्फत थेट पिकअपवर येतं. नीट भरलेल्या ट्रेलरमध्ये ते एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावं लागतं. ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक स्टिकर दिसतो. माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील हे त्यावर लिहिलेलं असतं. यालाच पेलोड म्हणतात. हिचवर येणारं वजन याच आकड्यातून वजा होतं.

उदाहरण घेऊ. पिकअपचा पेलोड १,६०० पौंड. ट्रेलर पूर्ण भरल्यावर ७,५०० पौंड, त्याचे १३ टक्के म्हणजे ९७५. वजन वाटून देणारी जड हिच सुमारे ९० पौंडांची. आई-वडील, दोन मुलं आणि भारतातून आलेले आजोबा अशी पाच माणसं मिळून ६६५. बेरीज १,७३०. गाडीत अजून एकही बॅग ठेवलेली नाही आणि मर्यादा १३० पौंडांनी ओलांडली. मागचा भाग दबतो, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग आणि ब्रेक मऊ पडतात. हेच कुटुंब ५,००० पौंडांचा ट्रेलर घेईल तर हिचवर ६५०, एकूण १,४०५, आणि सामानासाठी १९५ पौंड उरतात. म्हणून आधी गाडीच्या दारावरचा स्टिकर वाचा आणि मगच ट्रेलर बघायला जा.

ट्रेलरचं ब्रोशरमधलं ‘ड्राय वेट’ मनावर घेऊ नका. त्यात पाणी, भांडी, अंथरुणं, कधीकधी बॅटरीसुद्धा धरलेली नसते. हिशोब नेहमी जीव्हीडब्ल्यूआरवर, म्हणजे भरलेल्या ट्रेलरच्या कमाल वजनावर करावा. एका गॅलन पाण्याचं वजन ८.३ पौंड, ४० गॅलनची टाकी भरली की ३३० पौंडांहून जास्त भर पडते.

अमेरिकेतल्या आपल्या लोकांच्या घराघरांत दिसणाऱ्या गाड्यांबद्दल : टोयोटा सिएना आणि होंडा ओडिसी जास्तीत जास्त ३,५०० पौंड ओढतात, हायलँडरची काही मॉडेल्स ५,००० पर्यंत. टेस्ला मॉडेल वायची मर्यादा ३,५०० पौंड आहे, पण ट्रेलर मागे लावला की एका चार्जमधलं अंतर निम्म्यावर येतं आणि बहुतेक चार्जरवर ट्रेलर सोडल्याशिवाय गाडी बसत नाही. हजारो लोक एकाच दिशेने निघालेले असताना दर शंभर-सव्वाशे मैलांनी ट्रेलर सोडणं-जोडणं जमणार नाही. फिरायला जायला ठीक आहे. जीव वाचवायच्या योजनेत नको.

पेट्रोलच्या गाडीचंही ऐकून ठेवा. ट्रेलर ओढताना पिकअपचं मायलेज गॅलनला नऊ-दहा मैलांवर येतं. २६ गॅलनच्या टाकीत अडीचशे मैलसुद्धा जेमतेम. ह्यूस्टन ते डॅलस अंतर सुमारे २४० मैल आहे, आणि २००५ च्या सप्टेंबरमध्ये ‘रिटा’ वादळाआधी ह्यूस्टन परिसरातून वीस-पंचवीस लाख लोक एकदम निघाले तेव्हा हे अंतर कापायला काहींना दिवसभराहून जास्त लागलं. रस्त्यावरचे पंप कोरडे पडले, आणि उन्हात अडकून, अपघातांत मिळून शंभरच्या आसपास माणसं वाटेतच दगावली. हंगामात टाकी पाऊणच्या खाली जाऊ देऊ नका.

जोडणी

हात बसलेल्या माणसाला पंधरा-वीस मिनिटं लागतात, न बसलेल्याला तासही लागतो. त्यामुळे घरातल्या दोन माणसांना तरी हे यायला हवं.

आधी ट्रेलरच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावा. गाडी मागे घेऊन बॉल कपलरच्या, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाच्या खोबणीच्या, बरोबर खाली आणा. जॅकने ट्रेलर खाली उतरवा, कपलरची कडी बंद करा आणि तिच्यात पिन घाला. आता जॅकने ट्रेलर थोडा वर उचलून बघा : गाडीचा मागचा भाग सोबत वर आला तर जोड पक्का. ही परीक्षा टाळू नका. बॉल दोन इंची आणि कपलर सव्वादोन इंचांहून थोडा मोठा, म्हणजे २ ५/१६ इंची असेल, तर कडी बंद झाल्यासारखी वाटते आणि पहिल्या खड्ड्यात ट्रेलर निसटतो. बॉलचा आकार त्याच्या माथ्यावरच कोरलेला असतो.

मग सुरक्षेच्या साखळ्या एकमेकींना छेद देऊन लावा, म्हणजे कपलर सुटलाच तर तो त्या झोळीत पडतो. ब्रेकअवेची बारीक वायर गाडीच्या चौकटीला अडकवा, साखळीला नको. ट्रेलर पूर्ण सुटला तर ही वायर पिन ओढते आणि ट्रेलरचे ब्रेक आपोआप लागतात. ते ट्रेलरच्या बॅटरीवर लागतात, त्यामुळे बॅटरी मेलेली असेल तर ही सोय नुसती शोभेची. यानंतर सात पिनांचा प्लग, वजन वाटणारे बार, जॅक पूर्ण वर, ठोकळे बाहेर. दिवे तपासा. हळू पुढे जाऊन ब्रेक कंट्रोलरने (ड्रायव्हरच्या हाताशी असलेल्या, ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्राने) फक्त ट्रेलरचे ब्रेक हाताने दाबून बघा.

रस्त्यावर ट्रेलरचं शेपूट डावी-उजवीकडे हलू लागलं तर गाडीचा ब्रेक मारू नका, वेग वाढवूनही बघू नका. ॲक्सिलरेटरवरून पाय काढा, स्टिअरिंग सरळ धरा आणि ब्रेक कंट्रोलरची दांडी दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावा. शेपूट हलतं ते बहुतेक वेळा सामान मागे भरल्यामुळे. घाईत लोक पाण्याचे कॅन, पुस्तकांचे खोके, सायकली मागच्या दाराशी कोंबतात आणि हिचवरचं वजन दहा टक्क्यांखाली जातं. जड वस्तू आसांच्या वर आणि थोड्या पुढे ठेवाव्यात.

चालत्या ट्रेलरमध्ये कुणीही बसायचं नाही. आजी-आजोबांना आडवं व्हायचं असलं तरी नाही. कॅलिफोर्नियात ट्रेलर ओढताना वेगमर्यादा ताशी ५५ मैल आहे; इतरत्रही ६५ ओलांडू नका, कारण ट्रेलरचे बरेच टायर तेवढ्याच वेगासाठी बनवलेले असतात. टायरच्या बाजूवर ‘डॉट’ने सुरू होणाऱ्या क्रमांकाचे शेवटचे चार अंक बघा. ३५२१ म्हणजे २०२१ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी नवी दिसत असली तरी पाच-सहा वर्षांनी टायर बदलावेत. ट्रेलर उभ्या उभ्याच म्हातारा होतो : रबर सुकतं, बॅटरी उतरते, उंदीर वायरी कुरतडतात, छताच्या सांध्यातून पाणी झिरपतं. निव्वळ आपत्तीसाठी ट्रेलर घेऊन ठेवू नये असं आम्ही म्हणतो ते यासाठी. महिन्या-दोन महिन्यांनी जवळच्या स्टेट पार्कात दोन रात्री काढणाऱ्यांचा ट्रेलर ऐनवेळी चालतो, कारण त्याचे बारीकसारीक बिघाड सुट्टीतच कळलेले असतात.

आधी बॅटरी संपते, मग गॅस

फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमध्ये कडाक्याची थंडी पडली आणि ४५ लाखांहून जास्त घरांची वीज गेली. अशा वेळी ड्राइव्हवेतला ट्रेलर हीच घरातली एकमेव गरम खोली होऊ शकते. पण हिशोब माहीत असायला हवा.

हीटर तासाला २५,००० बीटीयूचा धरू (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं एकक). २० पौंडी सिलिंडरमध्ये साधारण ४ लाख ३० हजार बीटीयू असतात, म्हणजे सलग चालवला तर सतरा तास. हीटर निम्मा वेळ चालू-बंद होत राहतो असं धरलं तर एक सिलिंडर दीड दिवस आणि दोन मिळून तीनेक दिवस. ठीक. आता हीटरचा पंखा : तो गॅसवर नाही, १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालतो आणि सुमारे ७ ॲम्पिअर खातो. निम्मा वेळ धरला तरी दिवसाला ८४ ॲम्पिअर-तास. ट्रेलरसोबत येणारी साधी लेड-ॲसिड बॅटरी ८० च्या आसपास असते, त्यातले निम्मेच वापरायचे, म्हणजे ४०. थोडक्यात संध्याकाळी सातला सुरू केलेला हीटर पहाटे थंड पडतो, सिलिंडर भरलेले असताना. गॅसवर चालणाऱ्या फ्रिजचं नियंत्रणही याच बॅटरीवर असतं, गॅसगळतीचा अलार्मही.

उपाय दोन. गोल्फ गाडीच्या सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडल्या तर सुमारे २२० ॲम्पिअर-तास मिळतात, त्यातले ११० वापरता येतात. किंवा १०० ॲम्पिअर-तासाच्या दोन लिथियम बॅटऱ्या. त्या हलक्या असतात आणि जवळजवळ पूर्ण वापरता येतात, पण शून्य अंश सेल्सिअसखाली त्यांना चार्ज करता येत नाही, आणि ट्रेलरचा चार्जर लिथियमला चालणारा हवा. गाडीच्या सात पिनांच्या प्लगमधून बॅटरी भरेल या भरवशावर राहू नका. त्यातून अगदी थोडा करंट येतो. सौर पॅनेल चांगलं, पण ढगांत आणि वणव्याच्या धुरात त्याचं उत्पादन कोसळतं.

एसी बॅटरीवर चालवायचा विचार सोडून द्या. १३,५०० बीटीयूचा एसी १,३०० ते १,५०० वॉट घेतो आणि सुरू होताना त्याच्या कितीतरी पट झटका देतो. २,२०० वॉटचा छोटा जनरेटर त्या झटक्याने बंद पडतो. एसीला सॉफ्ट-स्टार्टर (हा झटका कमी करणारं उपकरण) बसवला तर जनरेटर बहुधा तग धरतो. जनरेटर ट्रेलरपासून आणि कुणाच्याही खिडकीपासून निदान २० फूट लांब, धुराचं तोंड पलीकडे करून ठेवावा. टेक्सासच्या त्याच थंडीत बंद जागेत जनरेटर, गाड्या आणि कोळशाच्या शेगड्या चालवून कार्बन मोनॉक्साइडने लोक मेले. शेगडीही ऊब घ्यायला पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडच्या अलार्मचं आयुष्य पाच-सात वर्षं असतं. मागे तारीख छापलेली असते.

घरी ट्रेलरसाठी वेगळा प्लग बसवून घेणार असाल तर सावध. ट्रेलरचा ३० ॲम्पिअरचा प्लग १२० व्होल्टचा असतो. तो कपडे वाळवायच्या मशीनच्या प्लगसारखा दिसतो, आणि ट्रेलरची माहिती नसलेले इलेक्ट्रिशियन त्याला २४० व्होल्ट जोडून देतात. पहिल्याच जोडणीत चार्जर, मायक्रोवेव्ह, एसीचा बोर्ड जळतो. ट्रेलर लावण्यापूर्वी मल्टिमीटरने १२० आहे ना ते बघा. साध्या घरगुती प्लगवरून ॲडॅप्टर लावून चालवत असाल तर १,८०० वॉट मिळतात : एसी किंवा मायक्रोवेव्ह, दोन्ही नाही.

पाणी आणि सांडपाणी

पाच माणसांनी काटकसरीने दिवसाला माणशी तीन गॅलन वापरलं तर ४० गॅलन अडीच दिवसांत संपतात. टाकी अर्धी भरून निघा. वजनही आवरतं आणि पाणीपुरवठा बंद असलेल्या गावात अडचण होत नाही. टाकी वर्षातून दोनदा निर्जंतुक करावी : १५ गॅलनला पाव कप साधा ब्लीच, नळांतून वास येईपर्यंत खेळवा, काही तास ठेवून पूर्ण धुऊन काढा.

बहुतेक वेळा आधी भरते ती भांडी-आंघोळीच्या पाण्याची टाकी. आमटी-भाजीची ताटं कागदाने पुसून मगच धुवा. तेल-हळदीचा थर टाकीत बसला की त्याचा वास सगळ्या ट्रेलरमध्ये फिरतो. कुकरमध्ये एकावर एक भांडी लावून वरण-भात एकदम केला तर गॅस आणि पाणी दोन्ही वाचतं, फक्त वाफेसाठी छताचा झरोका उघडा ठेवा. बाहेर धूर असेल तर झरोका बंद आणि शेगडीही बंद. त्या दिवसांसाठी लाडू, मेतकूट, भिजवून खाता येणारे पातळ पोहे सोबत असू द्या.

संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह नळीला जोडलेला असला तरी बंदच ठेवायचा. उघडा ठेवला तर पाणी वाहून जातं आणि घट्ट भाग मागे राहून त्याचा ढीग होतो, जो काढणं फार ओंगळ काम आहे. टाकी निदान दोन-तृतीयांश भरल्यावरच रिकामी करा आणि नंतर दोन गॅलन पाणी ओतून ठेवा. पाण्याने धुण्याची आपली सवय इथे चांगलीच : टाकी लवकर भरते खरी, पण तुंबत नाही.

कुठे उभा करायचा

ट्रेलर घराजवळ नसेल तर पहिला अडथळा तिथेच आहे. अनेक सोसायट्या ड्राइव्हवेत ट्रेलर एक-दोन दिवसांहून जास्त ठेवू देत नाहीत, म्हणून तो भाड्याच्या आवारात असतो, आणि वीज गेली की त्या आवाराचं फाटक उघडत नाही. हाताने फाटक कसं उघडतं हे आधीच विचारून ठेवा, आणि हंगामात शक्य असेल तर आवार धोक्याच्या क्षेत्राबाहेर, जायच्या दिशेला घ्या.

जाण्याची तीन ठिकाणं, तीन वेगळ्या दिशांना, लिहून ठेवा. कॅलिफोर्नियात काउंटीची जत्रा-मैदानं वणव्यात ट्रेलरवाल्यांसाठी आणि जनावरांसाठी खुली होतात. टेक्सासच्या स्टेट पार्कांनी अनेक वादळांत विस्थापितांना मोफत मुक्काम दिला आहे. वॉलमार्टच्या पार्किंगमध्ये रात्र काढणं त्या त्या दुकानाच्या व्यवस्थापकावर अवलंबून असतं, फोन करून विचारा. पश्चिमेकडच्या केंद्र सरकारी मोकळ्या जमिनींवर साधारणपणे १४ दिवस राहता येतं, पण तिथे पाणी-वीज काही नसतं.

ट्रेलरमध्ये कायम ठेवायची एक पिशवी : औषधांची यादी आणि दोन आठवड्यांचा साठा (इन्सुलिन असेल तर फ्रिजची बॅटरी हा पहिला प्रश्न), एन-९५ मास्क, मल्टिमीटर, टायरची हवा मोजायचं यंत्र, चाकाचे नट घट्ट करायचा टॉर्क पाना, फ्यूज. चाक बदललं की पन्नास मैलांवर नट पुन्हा तपासावे लागतात. कागदपत्रं मात्र ट्रेलरमध्ये नकोत, गाडीत ठेवा, कारण ट्रेलर सोडून द्यायची वेळ येऊ शकते : पासपोर्ट, ओसीआय कार्ड, ग्रीन कार्ड किंवा आय-७९७ (व्हिसाचा अर्ज मंजूर झाल्याची नोटीस), नागरिकत्वाचं प्रमाणपत्र, घर आणि ट्रेलर दोन्हींचा विमा, भारतातून आलेल्या आई-बाबांच्या प्रवासविम्याचा कागद.

विम्यात दोन गोष्टी तपासा. ट्रेलरच्या पॉलिसीत पूर आणि आग धरणारं ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ कव्हर आहे का; आणि घराच्या पॉलिसीतल्या बाहेर राहण्याच्या खर्चात ट्रेलरच्या जागेचं भाडं, प्रोपेन, सांडपाणी टाकण्याची फी बसते का. पावत्या पहिल्या दिवसापासून ठेवा. परत आल्यावर सांडपाण्याच्या टाक्या रिकाम्या करा, सिलिंडर भरून घ्या, बॅटरी चार्जिंगला लावा आणि फ्रिजचं दार उघडं ठेवा.